सातपुड्यातील रुग्ण आणि आपली वैद्यकविद्या

मराठी भाषेत 'देवी' या एकाच शब्दाने तीन निरनिराळ्या गोष्टींचा बोध होतो. एक देवळात असते ती. दुसरी अंगभर फोड उठवून माणसाचा जीव किंवा डोळे घेणारी व्याधी. आणि तिसरी त्या व्याधीच्या निवारणार्थ दंडावर टोचली जाणारी लस. 'पोराला देवी आल्या' आणि 'पोराच्या देवी काढल्या' ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच तोंडून निघत असत, आणि त्यांत कोणास विसंगती वाटत नसे. लस टोचण्यास येणाऱ्या सरकारी माणसाला खेड्यांतून 'देवी डॉक्टर' म्हणत. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली, आणि १९७५ च्या मे महिन्यानंतर या देशाच्या भूमीवर त्या रोगाची लागण झाली नाही. या पावणेदोनशे वर्षांच्या झुंजीचे श्रेय शास्त्रज्ञांचे आहेच. परंतु परक्या देशातून आलेली ती सुई लोकांनी आपल्या लेकरांच्या दंडावर टोचू दिली, यात त्या नावाचाही काही वाटा असावा असे आम्हांस वाटते. रोग देवीचा, तेव्हा उतारही देवीचाच, अशी सांगड लोकांनी आपल्यापुरती घातली. आणि सरकारनेही, कळत वा न कळत, ती मोडली नाही.

भाषेचा हा किस्सा येथे आठवण्याचे कारण असे की, हीच देवी १९२२ साली सह्याद्री ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी गेली आणि तेथे तिने एक नवलच घडविले. मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत या व्याधीच्या देवीला शांत करण्याकरिता लोक जमू लागले; कोणाच्या तरी अंगात ती येई आणि बोले. तेथून हे वारे डोंगरातील आदिवासी पाड्यांत शिरले, त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोहोचले, आणि तेथून तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबारच्या मुलखात, आले. वाटेत व्याधी मागे पडली आणि देवीच्या मुखातून आज्ञा निघू लागल्या: दारू व ताडी सोडा, मांसमासळी वर्ज्य करा, रोज स्नान करा, घरदार लोटून स्वच्छ ठेवा, दारूचा धंदा करणाऱ्या दुकानदारांची चाकरी करू नका. मुंबई सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गाळणे हा गुन्हा ठरविला होता आणि दुकानातली दारू पिणे हे मात्र राजरोस मोकळे ठेवले होते. त्या दुकानांच्या कर्जात जमिनी बुडत होत्या. अशा काळी हजारो माणसे मैदानात बसून हे ऐकत आणि घरी जाऊन तसे वागत. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली या चळवळीवर एक ग्रंथच लिहिला. तो निघेपर्यंत आमच्यापैकी फारच थोड्यांस तिची वार्ता होती.

पुढे १९३८ साली तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी आपधर्माची स्थापना केली. एकमेकांस 'आप' म्हणून संबोधावे, सोमवारी आरतीस जमावे, दारू सोडावी, अंग व घर स्वच्छ ठेवावे, असा त्यांचा साधा उपदेश होता. त्याच वर्षीच्या जुलैत ते निवर्तले. कार्य त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चालविले. ज्यांना पाटील, सावकार, शिपाई आणि मास्तर हे सारे पिढ्यान् पिढ्या 'अरे-तुरे' करीत आले, त्यांनी परस्परांस 'आप' म्हणावे, हा उपदेश मनाच्या आरोग्याचा नव्हता असे कोण म्हणेल?

आमच्या सुशिक्षित वर्गास या हकीकतीचे दोन तुकडे करण्याची खोड आहे. स्नान, स्वच्छता आणि दारूबंदी हे तुकडे आपण 'सुधारणा' या सदरात टाकतो. अंगात येणे आणि आरती हे 'अंधश्रद्धा' या सदरात. त्या लोकांस ही दोन सदरे ठाऊक नव्हती. त्यांनी आरोग्याचे नियम स्वीकारले ते आपल्याच माणसाच्या मुखातून, आपल्याच बोलीत, आणि आपली मान ताठ ठेवून. हाच उपदेश धुळ्याहून आलेल्या एखाद्या अंमलदाराने घोड्यावर बसून केला असता तर किती जणांनी मानला असता, याचा वाचकांनीच विचार करावा.

नंदुरबारचे नाव उर्वरित महाराष्ट्राच्या कानी पडते ते तीन प्रसंगी. एक ९ सप्टेंबरला, बेचाळीसच्या लढ्यात गोळ्या झेलून पडलेल्या बाल शिरीषकुमाराच्या स्मृतिदिनी; दुसरे मिरचीच्या बाजारभावात; आणि तिसरे, दरवर्षी पावसाळ्यात, कुपोषणाच्या व बालमृत्यूंच्या बातम्यांत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशी त्यांची मुख्य कुळे. शहरात अहिराणी आणि गुजराती कानी पडते. नवापूरकडे मावची व कोकणी. अक्कलकुव्याकडे भिलीच्या नाना छटा. धडगावच्या डोंगरात पावरी. ज्यास आपण प्रमाण मराठी म्हणतो ती तेथे कचेरीची, शाळेची आणि दवाखान्याची भाषा आहे, घरची नव्हे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुढील विवेचनाचा निम्मा भाग आपोआप उलगडेल.

या मुलखात राहण्यास बाहेरचा माणूस पूर्वीपासून नाखूश. १८८० च्या खानदेश गॅझेटियरातही पश्चिमेकडील डोंगराळ भागाची हवा तापकरी आणि परक्यास न मानवणारी म्हणून वर्णिली आहे. हिवताप पुढे हटला, तरी ती नाखुशी हटली नाही. धडगाव किंवा मोलगी येथे झालेली बदली ही आजही सरकारी नोकरांच्या बोलण्यात 'शिक्षेची बदली' असते. वैद्यकाच्या दृष्टीने आम्हांस हा शब्दप्रयोग फार गंभीर वाटतो. ज्यास एखाद्या ठिकाणी राहणे ही शिक्षा वाटते, त्यास तेथील माणूसही हळूहळू त्या शिक्षेचाच एक भाग वाटू लागतो. आणि शिक्षा भोगणारा मनुष्य कितीही विद्वान असला तरी रोग्याच्या उशाशी बसण्यास योग्य नसतो. याला अपवाद आहेत, सन्माननीय अपवाद आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु अपवादांवर जिल्हा चालत नाही.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी म्हण आपल्याकडे आहे. सातपुड्यातील माणसाने ती दवाखान्याला लावली आहे असे पुष्कळ डॉक्टर कुरकुरतात. आजारी पडला की तो आधी बडव्याकडे किंवा भगताकडे जातो, बाई अडली की सुईण बोलावतो, आणि अगदी हाताबाहेर गेल्यावर रुग्ण आमच्या दारात आणून टाकतो, ही तक्रार. ती खोटी नाही. पण दारात आणून टाकण्यापूर्वी काय घडते तेही पाहावे. डोंगरातील पाड्यावर वाहन पोहोचत नाही, तेथे अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार गडी पायवाटेने खाली उतरतात. सरदार सरोवराच्या पाण्याने या जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली. जी कुटुंबे मागेच डोंगरउतारावर राहिली त्यांचा रस्ता म्हणजे नर्मदेचे पाणी. त्यांच्याकरिता सरकारला तरंगता दवाखाना काढावा लागला. २०२० साली, साथीच्या भयाने लोक पाड्याबाहेर येईनासे झाले तेव्हा, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवीत मुलांची वजने करण्यास व गरोदर बायांना आहार पोहोचविण्यास जात होत्या. रोजची ही खेप अठरा किलोमीटरची होती असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले आहे.

आता अशा वाटेने रात्रभर चालून आलेले ते चार गडी रुग्णालयात शिरतात. त्यांच्या कानांवर पडणारे पहिले वाक्य बहुधा एकच असते: 'इतक्या उशिरा का आणलीत?' विचारणाऱ्याच्या मनात कळवळाही असेल. बाई दगावेल ही भीती तर असतेच. परंतु ऐकणाऱ्यास तो आरोप वाटतो, आणि त्यास उत्तर देण्याजोगी मराठी त्याच्यापाशी नसते. मग बाईला आत नेतात, तिच्या सासूला बाहेर थांबवतात. घरी ती उकिडवी बसून, वरून सोडलेल्या दोराला धरून किंवा ओळखीच्या बाईच्या गळ्याला मिठी घालून कळा सोसणार असते; येथे तिला उंच टेबलावर उताणी निजवितात, आणि भोवती सारे अनोळखी चेहरे. प्रसूती सुखरूप होते, बाळ-बाळंतीण वाचतात, डॉक्टर समाधानाने हात धुतो. आणि ती बाई पाड्यावर जाऊन चारचौघींना सांगते की, पुन्हा म्हणून तेथे जाणे नको. डॉक्टरच्या वहीत या प्रसंगाची नोंद 'यशस्वी' अशी असते. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत; अडचण एवढीच की वैद्यकविद्या पहिलीच नोंद वाचते.

ही दुसरी नोंद वाचण्याचा आग्रह प्रथम कोठे धरला गेला हे पाहू गेले असता आपणांस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, न्यूझीलंडला, जावे लागते. तेथील मूळ रहिवासी माओरी. १८४० साली वैतांगी येथे त्यांच्या सरदारांनी इंग्लंडच्या राणीशी तह केला. पुढील शतकात त्यांच्या जमिनींचे आणि भाषेचे काय झाले ते सांगणे नको, वसाहतींचा इतिहास सगळीकडे सारखाच. १९८८ साली ख्राइस्टचर्च येथे परिचर्याशिक्षणाविषयी माओरींची एक सभा भरली होती. तीत पहिल्या वर्षाच्या एका माओरी विद्यार्थिनीने अशा आशयाचा प्रश्न केला की, तुम्ही आम्हांला कायद्याची सुरक्षितता शिकविता, रुग्णाच्या देहाची शिकविता, मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? सभेतील इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने तो प्रश्न उचलला आणि त्याचे शास्त्र बनविले. १९९२ साली तेथील परिचारिका परिषदेने तो विषय अभ्यासक्रमात व परीक्षेत घातला. लगेच वृत्तपत्रांत गदारोळ झाला: शुश्रूषा शिकवायची सोडून हे राजकारण कसले? १९९५ साली संसदीय समितीकडून चौकशीही झाली. विषय टिकला.

'सांस्कृतिक सुरक्षितता' हे त्याचे शब्दशः भाषांतर होईल. परंतु ते मराठीत सरकारी परिपत्रकासारखे वाटते. आम्हांस 'निःशंकपणा' हा शब्द जवळचा वाटतो: दवाखान्याच्या दारात शिरताना आपण जे आहो त्याबद्दल मनात शंका वा लाज न यावी, ही स्थिती. रॅम्सडेनबाईंच्या विचारातील मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की, परक्या लोकांच्या चालीरीतींची यादी पाठ करून हे साधत नाही; वैद्याने आधी स्वतःच्या चालीरीतींकडे आणि स्वतःच्या हातातील सत्तेकडे पाहावे. दुसरी अधिक कडवी: आपली सेवा निःशंक होती की नव्हती, याचा निवाडा सेवा देणाराने करावयाचा नाही, घेणाराने करावयाचा. परिचारिकांना पूर्वी शिकवीत की वर्ण, वंश, धर्म न पाहता सर्वांची सारखीच शुश्रूषा करा. रॅम्सडेन म्हणत की, तो भेद पाहा, ओळखा आणि मान ठेवून शुश्रूषा करा.

येथे आमच्या वाचकवर्गास थोडे टोचण्याची परवानगी असावी. 'आम्ही जातपात मानीत नाही' हे वाक्य आपल्या घरांतून मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते, आणि ते बहुधा प्रामाणिकही असते. परंतु जात न मानण्याची ही चैन ज्याच्या जातीमुळे कधी काही अडले नाही त्यालाच परवडते. वसावे, पाडवी, वळवी, पावरा ही आडनावे हजेरीत उच्चारली जाताच वर्गातील डोळे कोणत्या बाकाकडे वळतात हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहो. कोणी काही बोलत नाही. बोलावे लागत नाही.

न्यूझीलंडात सुचलेला विचार इतर देशांनी स्वीकारला, पण पुष्कळदा माणूस गेल्यावर. कॅनडात २८ सप्टेंबर २०२० रोजी जॉयस एशाक्वान ही आतिकामेक जमातीची, सात मुलांची आई, क्विबेक प्रांतातील जोलिएट येथील रुग्णालयात मरण पावली. मरणापूर्वी तिने आपल्या दूरध्वनीवर जे चित्रण प्रसृत केले त्यात परिचारिका तिच्या खाटेशी उभ्या राहून तिची निंदा करीत असल्याचे जगाने ऐकले. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २०२१ साली वंशद्वेषाचा त्या मृत्यूत वाटा असल्याचे लिहून ठेवले. ऑस्ट्रेलियाने २०२२ साली वैद्यकव्यवसायाच्या कायद्यातच आदिम रहिवाशांच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचे तत्त्व दाखल केले.

आपल्याकडे या विचाराला नाव नव्हते, तरी त्याचा प्रयोग झालेला आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेल्या या दांपत्याने आरंभी तेथील लोकांत सिकलसेल या रक्तदोषाचे प्रमाण शोधून काढले. शोधाचा गवगवा झाला, सरकारही हलले, हलले नाहीत ते फक्त आदिवासी. तो त्यांचा प्रश्नच नव्हता. पुढे रुग्णालय बांधण्यापूर्वी बंगांनी लोकांनाच विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो ते प्रेताला. आमच्या माणसांना तुम्ही भेटू देत नाही. आणि तुमच्या दवाखान्यात देव कोठे आहे? यावर वाद न घालता रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखे बांधले, सोबतच्या नातलगांना राहण्यास जागा दिली, आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव ठेवले. नवजात अर्भकांचा मृत्यू गावातल्याच शिकविलेल्या बायांच्या हातून कसा टाळता येतो हे याच संस्थेने पुढे १९९९ साली जगापुढे मांडले. देवीच्या नावाचा दवाखाना आणि जगन्मान्य संशोधन ही एकाच अंगणात नांदतात, हे आमच्या विज्ञाननिष्ठ मित्रांनी जरूर पाहून यावे.

मात्र आदिवासींचे सारे ते पवित्र, असे म्हणावयाचे नाही. एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याची रूढी सातपुड्यात आहे. घरात मूल दगावले की कोणा विधवेकडे बोट दाखविले जाते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिच्या रक्षणाकरिता आहे, आणि तो बजावताना संस्कृतीची सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. डाकीण ठरविलेली बाईही आदिवासीच असते. निःशंकपणाचा पहिला हक्क तिचा. परंतु हे बोलण्याचा अधिकार ज्या डॉक्टरने आधी त्या गावचा विश्वास मिळविला त्याचा; 'तुम्ही लोक असेच' अशी सुरुवात करणाराचा नव्हे.

आतापर्यंत खाटेवरच्या आदिवासीविषयी बोललो. खाटेच्या दुसऱ्या बाजूस, पांढरा डगला घालून उभा असलेला आदिवासी हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्यास विद्या नाकारली हे आपण सांगतो. विद्या स्वबळावर मिळविल्यानंतर त्याचा अंगठा मागितला, हा कथेचा खरा घाव. सरकारने आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना एकलव्याचेच नाव दिले आहे. नाव ठेवणारांनी कथा शेवटपर्यंत वाचली होती की नाही कोण जाणे.

राखीव जागांमुळे वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले, परंतु आत काय वाढून ठेवलेले असते याची कल्पना बाहेरून येत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहात वेगळे पडणे, खेळात न घेणे, तोंडी परीक्षेत मिळणारी वागणूक, असे सारे त्यात नोंदलेले आहे. जेथे देशातील अत्यंत हुशार मुले शिकतात तेथील ही कथा.

आणि मग २२ मे २०१९. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात व नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या सव्वीस वर्षांच्या तरुणीने आपले जीवन संपविले. त्या जळगाव जिल्ह्यातल्या; सातपुड्याच्याच पायथ्याशी राहणाऱ्या, इस्लाम मानणाऱ्या तडवी भिल्ल समाजातल्या. जातीवरून व राखीव जागेवरून वरिष्ठ सहाध्यायींनी छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला, तिघींवर आरोपपत्र दाखल झाले. दोषादोषाचा निवाडा हे न्यायालयाचे काम; त्यात आम्ही पडत नाही. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. मुलीला होणारा त्रास आपण अगोदर कानावर घातला होता असे तिच्या आईचे म्हणणे आहे. आबेदा तडवी यांनी रोहित वेमुला यांच्या आई राधिका यांच्यासह त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि विद्यापीठांतील जातिभेदाची दाद मागितली. दोन आयांना एकत्र आणण्यासाठी दोन लेकरे जावी लागली.

वैद्यकीय शिक्षणात श्रेणी फार कडक असते हे आम्ही जाणतो. निवासी डॉक्टर छत्तीस छत्तीस तास उभा असतो, वरच्याचे बोलणे खालच्याने खायचे असते, आणि ज्याला कोणी बोलले नाही असा डॉक्टर सापडणे कठीण. म्हणूनच अशा ठिकाणी 'सर्वांनाच बोलतात' हे उत्तर फसवे ठरते. पुण्याच्या डॉक्टरच्या मुलाला 'गाढवा' म्हटले तर तो त्या दिवशी गाढव ठरतो. पावरा मुलाला म्हटले तर त्याची सबंध जमात, तिची राखीव जागा आणि त्याच्या आईचे लुगडे, सारे त्या एका शब्दात येते. बोलणारास हे कळत नाही. ऐकणारास कळते, आणि निवाडा त्याने करावयाचा, हेच तर रॅम्सडेनबाईंचे म्हणणे.

२०२० साली नंदुरबारला शंभर विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही घटना आमच्या मते जिल्हानिर्मितीहून लहान नाही. ज्या मुलखात डॉक्टर शिक्षा म्हणून येत, तेथे डॉक्टर घडू लागले. योगायोग असा की, त्या वेळी जिल्हाधिकारीपदावर असलेले डॉ. राजेंद्र भारुड हे स्वतः साक्री तालुक्यातील सामोडे गावचे भिल्ल. जन्मापूर्वीच वडील गेलेले, आईने मोहाची दारू विकून वाढविलेले, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून वैद्यकीची पदवी घेतलेले. साथीच्या काळात नंदुरबारने प्राणवायूची सोय आधीच करून ठेवल्याचे देशभर कौतुक झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांची हुशारी तर खरीच. पण डोंगरातील माणसाला श्वास कमी पडू लागला तर त्याला दुसरीकडे नेणे किती दुर्घट, हे त्यांस पुस्तकात वाचावे लागले नसेल.

नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद हा विषय आहे. २०२२ पासून विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावी असाही नियम आला आहे. हेतू चांगला. मात्र 'दत्तक' हा शब्द कोणी निवडला असेल याचे आम्हांस नवल वाटते. लातूरहून किंवा ठाण्याहून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराने अस्तंबा डोंगराच्या परिसरातील पाच कुटुंबे दत्तक घ्यावयाची, म्हणजे बाप कोण आणि लेकरू कोण? उलट त्या कुटुंबांनीच या पोराला दत्तक घ्यावे, वर्षभर भाकरी खाऊ घालावी, बोली शिकवावी, आणि अखेरीस तो पास की नापास हे सांगावे, असा नियम झाला तर आम्ही त्याचे स्वागत करू. पावरी वा भिलीचे दोनशे शब्द शिकल्यावाचून नंदुरबारच्या महाविद्यालयातून कोणी पदवी घेऊन बाहेर पडू नये, एवढी अट तरी काही अवघड नाही. शरीरशास्त्राची लॅटिन नावे पाठ करणारास ती खासच जमेल. प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत असू द्यावी हे तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच सांगितले आहे. त्याला नवा हुकूम नको, एक खुर्ची पुरे.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत घरोघर रक्त तपासणे सुरू झाले. तपासलेल्यास कार्ड मिळते. लग्न जुळविताना दोघांनी कार्डे पाहावी अशी योजना आहे. रोग घातक आहे, तपासणी हवीच. परंतु उपवर मुलीच्या हातात तिच्या रक्तातील दोषाचा कागद देणे हे केवळ प्रयोगशाळेचे काम नव्हे. दोष एकट्या तिच्यात नसतो, मुलाकडेही तो तितकाच असू शकतो, आणि एकाकडेच असला तर मूल त्या रोगाने आजारी होत नाही, हे तिच्या आईला पावरीतून कोणी सांगावयाचे? गडचिरोलीत तीस वर्षांपूर्वी जो धडा मिळाला तो येथे विसरला गेला तर कार्डे पेटीच्या तळाशी जातील.

ऑस्ट्रेलियात रुग्णालयांतील आदिम वंशाच्या नोकरांवर पडणाऱ्या एका अदृश्य ओझ्यास स्वतंत्र नाव आहे: आपल्या कामाखेरीज आपल्या सबंध समाजाचा दुभाषा होण्याचे ओझे. आमचा एक पावरा विद्यार्थी पुढे वैद्यकीस गेला. महाविद्यालयाचे नाव येथे नको. सुटीत भेटावयास आला तेव्हा त्याने एक हकीकत सांगितली. एरव्ही त्याच्याशी फारसे न बोलणारे सर्व जण एका सकाळी त्याच्या नावाने ओरडू लागले, कारण डोंगरातील एक म्हातारी खाटेवर बसून होती आणि तिचे बोलणे कोणास कळत नव्हते. तो गेला. म्हातारीने आधी त्याचे गाव विचारले, मग बापाचे नाव, मग आईचे माहेर; कोठेतरी लांबचे नाते लागले तेव्हा त्याच्या गालावरून हात फिरविला, आणि मग आपल्या नवऱ्याच्या मरणाची, गेलेल्या बैलाची व दुखण्याची सारी गोष्ट सांगितली. पाऊण घटका तरी हे चालले होते. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहून विचारले, 'काय म्हणते ती?' तो म्हणाला, 'पोट दुखतंय, सर.' 'एवढ्यासाठी इतका वेळ?' म्हणून सारे हसले, आणि रुग्णपत्रिकेवर लिहिले गेले: पोटदुखी, तीन दिवस. म्हातारी पुढे आठ दिवस राहिली. औषधाची गोळी मात्र ती त्याच्याच हातून घेई.